तैनातीतले वैद्यकीय कागद: नोंद कशी करून घ्यायची, कशी जपायची, सुटली तर कुठून काढायची

फौजेतून बाहेर पडताना जो रिलीज मेडिकल बोर्ड होतो, त्याच्या फॉर्ममध्ये (एएफएमएसएफ-१६) आजाराच्या नावापुढे एक छोटा रकाना असतो. आजार पहिल्यांदा कधी आणि कुठे सुरू झाला, एवढंच त्यात विचारलेलं असतं. अपंगत्व पेन्शनचं बरंचसं गणित या एका रकान्यावर फिरतं. तिथे फील्ड (सीमेवरचा किंवा मोहिमेचा भाग) किंवा हाय अल्टिट्यूड लागलं, तर आजाराचा नोकरीशी संबंध दाखवायला पाय ठेवायला जागा मिळते. पीस स्टेशन, म्हणजे मोहिमेबाहेरची नेहमीची छावणी लागली, की बीपी, हृदयविकार, मानसिक आजार अशा दुखण्यांवर एक ठराविक शेरा बसतो: सुरुवात पीस एरियात, फील्ड सेवेशी निकटचा संबंध नाही. म्हणजे आजार सेवेमुळे झालेला नाही आणि सेवेने वाढलेलाही नाही.

हे कसं घडतं ते बघा. समजा, एक हवालदार चौकीवर असताना डोकं जड होतं म्हणून दोन वेळा सिक रिपोर्ट करतो, म्हणजे आजारी असल्याचं दवाखान्यात कळवतो. नर्सिंग असिस्टंट बीपी बघतो, ‘थोडं जास्त आहे, मीठ कमी खा’ म्हणतो आणि रजिस्टरात लिहितो: ‘हेडएक, पॅरासिटामॉल’. आकडा लिहायचा राहून जातो. वर्षभराने युनिट पुण्याला येतं. तिथल्या वार्षिक तपासणीत १६०/१०० निघतं, एमएचमध्ये (मिलिटरी हॉस्पिटलात) दाखल होतो, निदान होतं, कॅटेगरी लागते, म्हणजे तब्येतीची श्रेणी खाली येते. कागदोपत्री आजार पुण्यात सुरू झाला. दहा वर्षांनी कळव्यात किंवा ऐरोलीत बसून तो कितीही सांगू दे, बोर्डासमोर पुण्याचाच कागद असतो.

म्हणून फाईल निवृत्तीच्या वर्षी जमवायला घेऊ नका. ती तैनातीला निघण्याआधीच सुरू करायची.

निघण्याआधी: तुलनेचे आकडे

पहिला कागद भरतीच्या वेळच्या तपासणीचा. धरमवीर सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली अपंगत्व पेन्शनच्या हक्काबद्दलच्या १९८२ च्या नियमांचा अर्थ लावताना सांगितलं, की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर माणूस निरोगी आला होता असंच धरायचं, आणि आजार सेवेमुळे नाही असं म्हणायचं तर बोर्डाने कारणं द्यायची. त्यामुळे त्या तपासणीची प्रत सोनं आहे. बहुतेकांकडे ती नसते. ती रेकॉर्ड ऑफिसच्या (आपल्या रेजिमेंटच्या सेवा-नोंदी जपणाऱ्या कार्यालयाच्या) सेवा-कागदांत असते आणि मागता येते.

दुसरं, तैनातीला निघण्याआधीच्या महिन्यात आपले आकडे कागदावर आणा: वजन, बसून पाच मिनिटं शांत राहिल्यावर घेतलेलं बीपी, दोन्ही डोळ्यांची दृष्टी, हिमोग्लोबिन, दातांची स्थिती, आणि श्रवणचाचणी. ऑडिओग्रामकडे सगळे दुर्लक्ष करतात. गोळीबाराच्या आवाजाने कान जातो तेव्हा आलेखात साधारण ४००० हर्ट्झला खड्डा पडतो. रोजच्या बोलण्यात तो लवकर कळत नाही. आधीचा आलेख असेल तरच ‘हे नंतर झालं’ असं म्हणता येतं. मात्र चाचणीआधी किमान १४ तास रेंजपासून, जनरेटरपासून, हेडफोनपासून लांब राहा. फायरिंग करून तासाभरात चाचणी दिली तर तात्पुरता बधिर झालेला कान मोजला जातो आणि तोच आलेख पुढे आपल्याविरुद्ध ‘आधीपासूनच होतं’ म्हणून उभा राहतो.

औषधाची ॲलर्जी असेल तर कोणतं औषध आणि नेमकं काय झालं, हे दोन्ही लिहून घ्या. ‘ॲलर्जी: सल्फा’ एवढ्यावरून अंगावर पुरळ आलं होतं की श्वास कोंडला होता ते कळत नाही, आणि पुढच्या डॉक्टरचा निर्णय त्यावरच ठरतो. मलेरियाच्या भागात जाणार असाल तर जी-६-पीडी चाचणीचा निकाल फाईलला हवा, कारण त्याची कमतरता असलेल्याला प्रायमाक्वीन दिलं तर रक्तपेशी फुटतात. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत आफ्रिकेत जायचं असेल तर यलो फीव्हरच्या लशीचं प्रमाणपत्र लागतं. ते लशीनंतर दहाव्या दिवसापासून लागू होतं आणि ११ जुलै २०१६ पासून आयुष्यभर चालतं. जुन्या पिवळ्या पुस्तिकेवर दहा वर्षांची मुदत छापलेली असली तरीही.

हा आधी-नंतरच्या तुलनेचा आग्रह फक्त आपल्याकडचा नाही. १९९०-९१ च्या आखाती युद्धानंतर हजारो अमेरिकी सैनिक थकवा, सांधेदुखी, विसरभोळेपणा अशा तक्रारी घेऊन आले, तेव्हा कोण कुठे होता, कोणाला कोणती लस दिली आणि जाण्याआधी त्याची तब्येत कशी होती, याच्या नोंदीच धड नव्हत्या. कारण शोधणं त्यातच अडकलं. १९९७ मध्ये तिथे कायदा करून तैनातीआधी आणि नंतर तपासणी सक्तीची करावी लागली.

चौकीवरची एक ओळ

एमआय रूममधल्या (युनिटच्या दवाखान्यातल्या) किंवा रेजिमेंटल एड पोस्टमधल्या (पुढच्या भागातल्या प्रथमोपचार केंद्रातल्या) रजिस्टरातली ओळ ही सगळ्या फाईलची मुळं. पुढच्या हॉस्पिटलात छापील कागद निघतात, टाइप होतात, सही-शिक्क्याचे होतात. ते सगळे या ओळीवरून.

गुडघ्याचं उदाहरण घेऊ. साधारणपणे अशी नोंद होते:

‘स्प्रेन राईट नी. ब्रूफेन, क्रेप बँडेज. एलडी ३ दिवस.’

आणि अशी व्हायला हवी:

‘१४ मार्च, ०७१५ वाजता तपासलं. ०५३० च्या सुमारास पेट्रोलिंगवर उतारावर पाय घसरून उजवा गुडघा मुरगळला, ‘कट’ असा आवाज आल्याचं सांगतो. तासाभरात सूज. वजन टाकता येतं पण गुडघा सटकतो. पायाची नाडी लागते, बोटं हलतात. उजव्या गुडघ्याच्या लिगामेंटला इजा असल्याची शंका. आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा जेवणानंतर, पट्टी, लाईट ड्यूटी ३ दिवस. सूज न उतरल्यास एक्स-रे आणि सर्जनकडे.’ खाली नाव, हुद्दा, सही.

दोन्हींत फरक पाच ओळींचा. पण दुसऱ्यात ‘ड्यूटीवर असताना’ हे लिहिलं गेलंय, वेळ आहे, बाजू आहे, आणि निदान पक्कं नाही हे कबूल केलंय. आवाज येणं आणि तासा-दोन तासांत सूज चढणं ही एसीएल, म्हणजे गुडघ्यातलं मुख्य लिगामेंट, तुटल्याची जुनी खूण आहे. एक्स-रेमध्ये लिगामेंट दिसत नाही. ते एमआरआयमध्ये दिसतं, आणि एमआरआय बहुतेकदा कित्येक महिन्यांनी, रजेहून आल्यावर होतो. पहिल्या कागदावर ‘स्प्रेन’ असेल तर बोर्ड विचारतो, मधल्या काळात गावाला क्रिकेट खेळताना कशावरून झालं नसेल?

जवानाने काय करायचं? रजिस्टर त्याच्या हातात नसतं, हे खरं. पण सांगणं त्याच्या हातात असतं. ‘साहेब, गुडघा दुखतोय’ म्हणू नका. चार गोष्टी ओळीने सांगा: कधीपासून, काय करताना, कोणती बाजू, आधी कधी झालं होतं का. सांगितलेलं लिहिलं जातं. न विचारलेलं कोणी लिहीत नाही. बीपी, ताप, ऑक्सिजन मोजलं की ‘किती आलं?’ विचारा आणि आकडा लिहिला जातोय ना ते सहज बघा. नर्सिंग असिस्टंटशी वाद घालायचा नाही. सकाळच्या सिक परेडला त्याच्यासमोर पंधरा माणसं असतात.

लिहिणाऱ्यांच्या चुकाही ठरलेल्या आहेत, तेव्हा त्यांच्यासाठी थोडं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे दिवसभर कागदाच्या चिटोऱ्यावर नंबर टिपून रजिस्टर संध्याकाळी आठवणीने भरणं. डावं-उजवं तिथेच बदलतं आणि सगळ्यांच्या वेळा ‘०९००’ होतात. वेळ कळत नसेल तर अंदाजे लिहा, पण ‘अंदाजे’ हा शब्दही लिहा. आर्मी नंबर शेवटच्या अक्षरासकट घ्या. ते अक्षर नंबर बरोबर आहे की नाही हे पडताळण्यासाठीच असतं. एकाच कंपनीत तीन-तीन ‘पाटील एस. बी.’ असतात, हे मराठा बटालियनवाल्यांना सांगायला नको. खाडाखोड करायची तर एक आडवी रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला छोटी सही आणि तारीख. व्हाइटनर लावलेली नोंद चौकशीत संशयास्पद ठरते, भले ती प्रामाणिकपणे दुरुस्त केलेली असो. जेल पेन पावसात धुऊन जातं, बॉलपेन वापरा. कडाक्याच्या थंडीत बॉलपेनची शाई गोठते, तिथे शिसपेन्सिल बरी. ती पाण्याने जात नाही.

उंचीवरची नोंद वेगळी करावी लागते. नुसतं ‘एसपीओटू ७८’ (रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण) लिहिलं तर त्याला अर्थ नाही. १५,००० फुटांवर ठणठणीत माणसाचाही आकडा समुद्रसपाटीपेक्षा बराच खाली असतो. म्हणून उंची किती, विश्रांतीत की चालून आल्यावर, साध्या हवेवर की ऑक्सिजन लावून, हे तिन्ही सोबत हवं. बोट गार असेल तर यंत्र खोटं कमी दाखवतं. हात काखेत धरून दोन-तीन मिनिटं उबवा, आकडा स्थिर झाला की मग लिहा. आणि माणूस वर कधी आला ती तारीख. आपल्या फौजेत वातावरणाशी जुळवून घेण्याचे टप्पे ठरलेले आहेत: ९,००० ते १२,००० फुटांदरम्यान ६ दिवस, १२,००० ते १५,००० ला ४ दिवस, त्यावर आणखी ४ दिवस. फुप्फुसात पाणी भरलेला, म्हणजे हापोचा, रुग्ण खाली आणला तर पहिला प्रश्न हाच असतो, हे टप्पे पूर्ण झाले होते का. ती तारीख नसेल तर उत्तर कुणाकडेच नसतं.

मनाच्या तक्रारींबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. झोप न लागणं, दचकून उठणं, चिडचिड हे जवान सांगत नाहीत, कारण कॅटेगरी खाली जाईल, कोर्स जाईल, प्रमोशन अडकेल ही भीती असते. भीती खोटी नाही. तब्येतीची कॅटेगरी ठरवणाऱ्या शेप या पाच अक्षरांपैकी पहिलं ‘एस’ मानसिक स्थितीचंच आहे आणि त्याच्यापुढे १ सोडून दुसरा आकडा लागला की फरक पडतो. पण तीन वर्षं लपवलेली तक्रार पीस स्टेशनला उघडी पडते तेव्हा तिची सुरुवातही तिथलीच धरली जाते. आमच्या मते निदान झोपेची तक्रार तरी आरएमओच्या (युनिटच्या डॉक्टरच्या) कानावर घालून ठेवावी. ती लपवून नोकरी वाचते असं नाही, पुष्कळदा फक्त पुरावा जातो.

स्वतःची डायरी ठेवा. पण तीत तारीख, तक्रार, कोणाला दाखवलं, कोणती गोळी मिळाली, एवढंच. जागेचं नाव, युनिट, माणसांची संख्या, हालचाल यातलं एक अक्षर नको. आणि एमआय रूमच्या रजिस्टराचा मोबाईलवर फोटो तर अजिबात काढायचा नाही. बाकीच्यांची नावं त्यात असतात आणि सुरक्षेच्या नियमात तुम्हीच सापडता. डायरी हा पुरावा म्हणून कच्चाच, पण वर्षांनी अर्ज करताना नेमकी तारीख तिच्यातूनच मिळते.

दुखापत असेल तर इंज्युरी रिपोर्ट

आजार आणि दुखापत यांचे कागद वेगळे. लढाईतल्या जखमेची नोंद बॅटल कॅज्युअल्टी म्हणून होते. बाकी कुठलीही दुखापत, ड्यूटीवर असो वा नसो, आयएएफवाय-२००६ या फॉर्मवर जाते. त्यात डॉक्टर इजेचं स्वरूप आणि तीव्रता लिहितो, आणि कमांडिंग ऑफिसर ती ड्यूटीवर असताना झाली का, चूक कोणाची, यावर मत देतो. इजा गंभीर असेल तर कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसते.

गोची तीव्रतेच्या शब्दात आहे. पहिल्या दिवशी सुजलेल्या गुडघ्याला डॉक्टर ‘किरकोळ’ म्हणाला, तर चौकशी होत नाही, साक्षीदारांचे जबाब घेतले जात नाहीत आणि प्रकरण मिटतं. सहा महिन्यांनी एमआरआयमध्ये लिगामेंट तुटलेलं दिसलं तेव्हा साक्षीदारांपैकी एक पोस्टिंगवर गेलेला असतो, दुसरा पेन्शनवर. म्हणून दुखणं आठवडाभरात न गेल्यास परत सिक रिपोर्ट करा आणि ‘तीच १४ मार्चची दुखापत’ असं तारखेसकट सांगा, म्हणजे दोन नोंदी एकमेकींना बांधल्या जातात. इंज्युरी रिपोर्ट झाला का हे कंपनी क्लार्कला विचारा. हॉस्पिटलात दाखल झाला असाल तर त्याची पार्ट टू ऑर्डर (सेवा-नोंदीत भर घालणारा युनिटचा आदेश) निघाली का आणि तिचा नंबर-तारीख काय, हेही डायरीत टिपा. पार्ट टू ऑर्डरचा नंबर हाती असला की रेकॉर्ड ऑफिसला ‘आढळ होत नाही’ म्हणणं जड जातं.

मागे पाठवताना

चौकीवरून फील्ड हॉस्पिटल, तिथून बेस हॉस्पिटल, मग कमांड हॉस्पिटल. माणूस प्रत्येक वेळी पुढे जातो, कागद एखाद्या ठिकाणी मागे राहतो. जखमीच्या कार्डावर निदान एवढं हवंच: इजा झाल्याची वेळ, टूर्निके (रक्त थांबवायला आवळायचा पट्टा) बांधल्याची वेळ, मॉर्फिन किंवा दुसरं वेदनाशामक किती आणि केव्हा, सलाईन किती, अँटिबायोटिक दिलं का, शुद्ध कशी होती. टूर्निकेची वेळ पट्ट्यावरही लिहा. दोन तासांच्या पुढे पायाला धोका वाढत जातो आणि पुढच्या सर्जनला घड्याळ कुठून धरायचं ते कळलं पाहिजे. मॉर्फिनची वेळ न लिहिल्याने दुसऱ्या ठिकाणी पुन्हा डोस दिला जातो, आणि श्वास मंदावतो.

कार्ड खिशात ठेवू नका, कपड्याला टाचू नका. पुढच्या ठिकाणी पहिलं काम कात्रीने कपडे कापायचं होतं आणि कार्ड त्यांच्यासोबत पिशवीत जातं. मनगटाला किंवा दुखापत नसलेल्या घोट्याला बांधा.

हॉस्पिटलातून सुटताना डिस्चार्ज समरी हातात घेऊन जिना उतरण्याआधी वाचा. नंबर अक्षरासकट बरोबर आहे का, दाखल आणि सुटल्याच्या तारखा, डावं-उजवं, आणि ‘हिस्टरी’ची पहिली ओळ. ही ओळ महत्त्वाची. ‘दोन वर्षांपासून डोकेदुखी’ असं तुम्ही सहज बोललेलं तिथे उतरतं आणि सुरुवात तैनातीच्या आधी सरकते. खरोखर दोन वर्षं असेल तर ठीक, पण अंदाजाने वर्षं सांगू नका. वरच्या कोपऱ्यात ‘ए अँड डी’ नंबर असतो, दाखल झालेल्यांच्या रजिस्टरातला. तो वेगळा लिहून ठेवा. जुना केसपेपर शोधायची किल्ली तीच.

रजेवर ठाण्यात आजारी पडलात तर

तैनातीतून आलेला माणूस पहिल्या आठवड्यातच तापाने फणफणतो आणि घरचे त्याला जवळच्या दवाखान्यात नेतात. डॉक्टर डेंगी-मलेरियाची तपासणी करतो, कारण ठाण्यात पावसाळ्यात तेच जास्त. जवान ‘ईशान्येकडून आलोय’ हे सांगतच नाही. मलेरियाचा परजीवी यकृतात दबून राहून महिन्यांनीही उठतो, त्यामुळे कुठल्या भागातून केव्हा आलो हे डॉक्टरला सांगा (राज्य पुरे, ठिकाण नको) आणि केसपेपरवर लिहून घ्या.

तातडीने खासगी किंवा पालिकेच्या हॉस्पिटलात दाखल व्हावं लागलं तर त्याच दिवशी युनिटला फोन करा आणि पाठोपाठ लेखी कळवा. ज्याची पोच राहील असं माध्यम वापरा. नुसता फोन पुढे कोणाला आठवत नाही. आपल्या भागासाठी मोठं सैन्य-रुग्णालय म्हणजे कुलाब्याचं आयएनएचएस अश्विनी. प्रवास झेपेल तेव्हा तिथे हलवण्याबद्दल विचारा. अपघात असेल तर एमएलसी (हॉस्पिटलातल्या मेडिको-लीगल, म्हणजे पोलीस-प्रकरणाच्या नोंदीचा) नंबर, पोलीस पंचनाम्याची प्रत आणि रजेचा दाखला एकत्र ठेवा. रजेला येताना किंवा ड्यूटीवर परत जाताना सरकारी वॉरंटवरच्या प्रवासात अपघात झाला तर तो सेवेशी जोडण्याची तरतूद नियमांत आहे, पण वॉरंट आणि तिकीट दाखवावं लागतं. घरी पोचल्यावर तिकीट फाडून टाकायची सवय मोडा.

बाहेरच्या हॉस्पिटलातून फक्त डिस्चार्ज कार्ड घेऊन निघू नका, इनडोअर केसपेपरचा पूर्ण संच मागा. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार डॉक्टरने हे कागद उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं ठेवायचे असतात आणि रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत द्यायचे असतात. तीन वर्षं चुटकीसरशी जातात.

बोर्डाच्या दिवशी

फॉर्मचा पहिला भाग तुमचं निवेदन. कुठे-कुठे, केव्हापासून केव्हापर्यंत नोकरी केली आणि ते ठिकाण पीस की फील्ड, हे तिथे भरायचं. घाईत ‘रेकॉर्डप्रमाणे’ लिहून मोकळे होऊ नका. पोस्टिंगच्या तारखा घरून कागदावर लिहून न्या. कोणताही आजार भरतीआधी होता का, या प्रश्नावर गोंधळून ‘हो, लहानपणी पण डोकं दुखायचं’ असं लिहिणारे आहेत. जे खरं आणि नेमकं आठवतं तेच लिहा. चौकीवरच्या नोंदी, हॉस्पिटलचे कागद तारखेच्या क्रमाने लावून एक प्रत बोर्डाला द्या, आणि दिलेल्या कागदांच्या यादीवर पोच घ्या. कोऱ्या रकान्यांखाली सही करायची नाही.

अपंगत्व २० टक्क्यांपेक्षा कमी धरलं तर साधारण निवृत्तीत त्याचा पेन्शनघटक मिळत नाही, त्यामुळे १५ ते १९ टक्के लिहिलेल्यांनी कागद पुन्हा तपासावेत. नियम कोणते लागतील ते बाहेर पडल्याच्या तारखेवर ठरतं: १९८२ चे, २००८ चे की २१ सप्टेंबर २०२३ पासूनचे. शेजाऱ्याला अमुक मिळालं म्हणून तसंच मिळेल असं नाही. आधी त्याची तारीख विचारा.

सुटलेला कागद काढायचा

आधी कागद असेल कुठे ते ठरवा. सेवा-कागद आणि बोर्डाच्या प्रती रेकॉर्ड ऑफिसला, केसपेपर ज्या हॉस्पिटलात दाखल होता तिथे, इंज्युरी रिपोर्ट युनिटमध्ये आणि रेकॉर्डला. मराठा लाईट इन्फंट्रीचं रेकॉर्ड बेळगावात, तोफखान्याचं नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचं पुण्यात खडकीला, आर्मी मेडिकल कोअरचं लखनौला, महारचं सागरला. नौदलातल्या खलाशांचं काम तर नवी मुंबईकरांना वाशी पूल ओलांडला की: मानखुर्दच्या चिता कॅम्पमधलं ब्युरो ऑफ सेलर्स. हवाई दलाचं दिल्लीला, सुब्रतो पार्कात.

आधी साधं पत्र. महिनाभरात हललं नाही तर माहितीचा अधिकार. केंद्राच्या ऑनलाइन पोर्टलवर १० रुपये भरून अर्ज करता येतो, उत्तराची मुदत ३० दिवस, प्रतींना पानामागे २ रुपये. मराठीत अर्ज करायचा हक्क इथे आहे, पण कागद लखनौ-सागरला फिरणार असेल तर हिंदी किंवा इंग्रजीत लिहिलेला बरा. अर्ज असा नको: ‘माझे सर्व वैद्यकीय रेकॉर्ड द्यावे’. अशा अर्जाला गोलमोल उत्तर येतं. एकेक कागद नाव घेऊन मागा: अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत अमुक हॉस्पिटलातला केसपेपर, ए अँड डी नंबर अमुक, आयएएफवाय-२००६ ची प्रत, भरतीच्या तपासणीचा फॉर्म, सर्व एएफएमएसएफ-१५, म्हणजे कॅटेगरीच्या बोर्डांची कार्यवाही, एएफएमएसएफ-१६. सोबत नंबर अक्षरासकट, हुद्दा, नाव सेवेत होतं तसंच, आणि ओळखपत्राची प्रत.

मुदत संपल्याने नष्ट केलं असं उत्तर आलं तर थांबू नका. नष्ट केल्याच्या बोर्डाची कार्यवाही आणि तारीख मागा. बाह्यरुग्ण रजिस्टरं लवकर जातात, पण त्याच नोंदीचा आधार घेतलेला हॉस्पिटलचा कागद किंवा पार्ट टू ऑर्डर शिल्लक असते. पहिलं अपील उत्तर मिळाल्यापासून ३० दिवसांत.

तळोज्याच्या रॅपिड ॲक्शन फोर्समधले, सीआरपीएफ किंवा सीआयएसएफचे जवान इथे फसतात. ही दलं माहिती अधिकार कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत, म्हणजे भ्रष्टाचार आणि मानवी हक्कांचे मुद्दे सोडून त्यांना हा कायदा लागत नाही. त्यांनी स्वतःच्या कागदांसाठी कमांडंटमार्फत विभागीय अर्ज करावा, नोकरीत असतानाच.

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अर्ज नीट लिहून मिळतो, पण जिल्हा बघून जा. ऐरोली ते बेलापूर ठाणे जिल्ह्यात, पण खारघर, कामोठे, कळंबोली, पनवेल रायगडमध्ये. त्यांचं कार्यालय अलिबागला. पेन्शनचा नकार आला तर पत्रातली अपिलाची मुदत आधी वाचा. त्यापुढचं दार म्हणजे सशस्त्र सेना न्यायाधिकरण, ज्याचं एक खंडपीठ मुंबईत आहे.

ठाण्याच्या पावसात फाईल

जूनपासून चार महिने इथल्या हवेत कागद मऊ पडतो, बुरशीचे काळे ठिपके येतात, एक्स-रेच्या फिल्म एकमेकींना चिकटतात. फिल्म उभ्या ठेवा, प्रत्येकीमध्ये कोरा कागद. फाईल लोखंडी कपाटात वरच्या कप्प्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत; पुड्या दर पावसाळ्याआधी बदलायच्या. तळमजल्यावर राहणाऱ्यांनी खालचा कप्पा विसरावा. २६ जुलै २००५ ला पाणी कुठवर आलं होतं ते ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको.

मूळ कागद लॅमिनेट करू नका. पुढे त्यावर पडताळणीचा शिक्का बसत नाही आणि उष्णतेने जुनी शाई पसरते. ईसीजीची पट्टी थर्मल कागदाची असते. ती ऊन, उष्णता आणि प्लॅस्टिकच्या मऊ पाकिटामुळे वर्ष-दोन वर्षांत फिकी होत होत कोरी होते. मिळाली त्याच दिवशी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे जाऊन दोन प्रती काढा, प्रतीवर तारीख आणि हॉस्पिटल लिहा, आणि मूळ पट्टी कागदी पाकिटात ठेवा. स्कॅन ३०० डीपीआयला, पीडीएफमध्ये, नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, म्हणजे यादी आपोआप क्रमाने लागते. व्हॉट्सॲपवर पाठवायचंच असेल तर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो दाबला जातो आणि पेन्सिलीने लिहिलेली चौकीवरची ओळ सगळ्यात आधी वाचेनाशी होते.